सापाची सावली

मे महिन्यात आमच्या घरातली सगळ्यांत थंड जागा सापाची असते. बाहेर ४५-४६ अंशांचं ऊन, कोठ्याच्या टिनावर चिमणीसुद्धा टेकत नाही, आणि मधल्या खोलीत मातीच्या जाड भिंतीला लागून ठेवलेल्या त्याच्या पेटीत एका टोकाचा थर्मामीटर २७ दाखवतो. ते २७ टिकवायला दिवसभर घरातलं कुणी ना कुणी उठबस करत असतं. पाहुण्यांना नवल वाटतं, कारण सापाला ऊब लागते एवढंच सगळ्यांनी ऐकलेलं असतं. लागतेच. पण वर्धा जिल्ह्यात ऊब कमी पडते ती वर्षातून दोन-अडीच महिने. खरा जीव जातो तो गारवा राखण्यात. परदेशी पुस्तकांत पानंच्या पानं हीटरवर असतात. आमच्यासारख्या मुलखात हीटर बंद करून पुढे काय करायचं, हे आम्ही घरातच शिकलो. म्हणून लिहायला बसले.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण लोक पहिल्यांदा तीच विचारतात. आपल्याकडचा साप, धामण असो, नाग असो की नाल्यातली पाणदिवड, पकडून घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच असायला हवा. माझ्याकडे आहे तो बॉल पायथन. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, बिनविषारी, बहुधा चार-पाच फुटांच्या आतला, घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करणारा. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स करारात त्याचं नाव आहे, त्यामुळे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. माझा भाचा परदेशी गेला तेव्हा तो माझ्याकडे आला आणि कागदपत्रंही माझ्या नावावर झाली. कागद नसलेला साप कुणी कितीही प्रेमाने देऊ केला तरी घेऊ नये.

साप अंगातून ऊब तयार करत नाही, बाहेरून घेतो. पण म्हणून तो हवेचा गुलाम नसतो. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोघांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या सरड्या-सापांवर १९४४ साली एक निबंध छापला. त्यांनी दाखवलं, की हे प्राणी उन्हात येऊन, सावलीत सरकून, वाळूत शिरून, अंग तिरपं किंवा सपाट करून आपलं तापमान बऱ्याच नेमकेपणाने सांभाळतात. आमच्या शेतात हे कुणालाही दिसतं. कापूस वेचणीच्या दिवसांत, थंडीच्या सकाळी घोणस, म्हणजे आमच्याकडची परड, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पसरून पडलेली असते. ऊन वर आलं की तीच जागा रिकामी. वेचणीला येणाऱ्या बायांना ही वेळ पाठ असते, त्या पऱ्हाटीच्या ढिगाजवळ सकाळी हात घालत नाहीत. उन्हाळ्यात हेच साप दिवसा दिसत नाहीत, रात्री फिरतात. सापाचा अर्धा शहाणपणा कुठे कधी जायचं यात आहे.

पेटीत घातलेल्या सापाचं आपण नेमकं हेच काढून घेतो. म्हणून पेटीचं योग्य तापमान किती, या प्रश्नाला एक आकडा देणं मला चुकीचं वाटतं. पेटीत निदान दोन तापमानं हवीत आणि मध्ये सरकायला जागा हवी. साप जेवला की पचनासाठी त्याला ऊब लागते, तो गरम बाजूला जाऊन पडतो. ऊब मिळाली नाही तर पोटातलं भक्ष्य पचत नाही आणि तो ते ओकून टाकतो. दुसऱ्या वेळी त्याला थंड कोपरा हवा असतो. कोणत्या घडीला काय हवं, हे त्याचं त्यालाच कळतं, हीटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटला नाही आणि मलाही नाही.

हे मला माझ्या सासऱ्यांनी, मामाजींनी, चार शब्दांत सांगितलं. साप यायच्या आधी गावातल्या सुताराकडून सागाची पेटी करून घेतली होती, चार फूट लांब, दोन फूट रुंद, पुढे सरकती काच. लाकूड मुद्दाम घेतलं, कारण काचेची टाकी थंडीत लवकर गार आणि उन्हाळ्यात लवकर गरम होते. मामाजी सपरीत बसून काम पाहत होते. हीटर कुठे बसणार ते सुतार मला दाखवत होता, तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, पेटी तं मस्त झाली. पण ऊन लागलं तं हे जनावर जाईन कुठी? याच्यात सावली कोठी हाय?" मामाजींचं सगळं आयुष्य शेतात गेलं. सापांशी त्यांची ओळख धुऱ्यावरची आणि वारुळातली. पेटीचा दुसरा अर्धा भाग त्या दिवशी त्यांनीच आखला.

आकडे असे. गरम टोकाला साप जिथे अंग टेकतो तिथला पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश. थंड टोक २५ ते २७. रात्री २४ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. पेटीभर ३५ च्या वर गेलं आणि तासन् तास राहिलं तर जिवावर बेतू शकतं. सापाला घाम येत नाही. पळायला जागा नसेल तर त्याच्या हाती काहीच उरत नाही.

गरम टोकाला वरून उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावला आहे आणि त्याच्याभोवती जाळीचा पिंजरा, कारण साप गरम वस्तूला वेटोळं घालतो आणि भाजून घेतो. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर बारीक खाचा असतात, अंधारात उंदराच्या अंगाची ऊब त्यांना जाणवते. एवढी तीक्ष्ण जाणीव असूनही पोटाखाली चटका बसत असताना साप लगेच बाजूला होईलच, याचा भरवसा नसतो. बाजारात 'हॉट रॉक' म्हणून विजेवर तापणारे दगड मिळतात. त्यांनी पोट भाजलेले साप पशुवैद्यांकडे येत असतात. माझ्या मते ती वस्तू कुणी घेऊच नये. हीटर कोणताही असो, थर्मोस्टॅटशिवाय नको. इथे वेगळं काही शोधायची गरज नाही, कोंबडीची अंडी उबवायच्या मशीनला लावतात तो थर्मोस्टॅट चालतो. त्याची वायर, म्हणजे प्रोब, साप जिथे बसतो तिथेच घट्ट बांधायची. ती सुटून पाण्याच्या भांड्यात पडली तर थर्मोस्टॅटला वाटतं पेटी गारठली, आणि तो हीटर चालूच ठेवतो.

काचेला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर स्वस्त असतात, पण ते काचेचं आणि तिथल्या हवेचं तापमान सांगतात, सापाच्या पोटाखालचं नाही. दोन डिजिटल घ्यावेत, दोन टोकांना दोन. टेम्परेचर गन असेल तर उत्तमच, मात्र करोनाच्या काळात कपाळावर रोखायचे ती नव्हे. ती माणसाच्या तापापुरतीच असते. कारखान्यात वापरतात ती घ्यावी.

आता उन्हाळा.

मार्चच्या मध्यापासून हीटरचं काम संपत येतं. एप्रिलमध्ये मी तो दिवसा बंदच ठेवते, आणि मे उजाडला की प्रश्न उलटा होतो. खोलीच ३६ वर गेली तर पेटीचं थंड टोकही ३६ वर जाणार. पेटी खोलीपेक्षा गार आपोआप होत नाही. त्यामुळे सुरुवात खोलीपासून. टिनाखालची खोली नको, वर स्लॅब असलेली पश्चिमेची तर नकोच. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री खोलीत ओततो. आमच्या घराचा जुना भाग कवेलूचा, म्हणजे कौलांचा आहे, भिंती दीड हात जाडीच्या मातीच्या. बाहेरचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर बाहेर थोडं निवलेलं असतं. पेटी त्या भिंतीला लागून, जमिनीपासून वीतभर उंच. उन्हाळ्यात खोलीतली गार हवा खालीच असते, उंच टेबलावर पेटी ठेवण्यात काही अर्थ नाही.

मग कुलर. आपल्याकडची मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते, की वाळ्याच्या ताट्यांतून ओढलेली हवा चटकन गार होते. दुपारी बाहेर ४५ असताना खोली २९-३० ला येते. कोरड्या हवेचा सापालाही त्रास होतो, कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवरची खपली अडकून राहते. कुलरमुळे ओलही मिळते. झोत मात्र पेटीवर सरळ घेत नाही.

पण ३० म्हणजे २७ नव्हे. मधले तीन अंश मामाजींच्या माठांनी भरून काढले. गावातल्या कुंभाराकडून दोन माठ आणले, एक मोठा, एक लहान. मोठ्याची मान काढली, लहान माठ आडवा करून त्यात बसवला आणि दोघांमध्ये नाल्याची धुतलेली रेती भरली. रेतीवर सकाळ-दुपार-संध्याकाळ तांब्याने पाणी घालायचं. पाणी मातीतून पाझरतं, बाहेर वाळतं, आणि वाळताना आतली ऊब घेऊन जातं. लहान माठाच्या पोटात सापाची जागा. यासाठी पेटीला दोन्ही बाजूंनी जाळी हवी, हवा खेळली नाही तर ओल नुसती साचून राहते आणि गारवा येत नाही. पहिल्यांदा माठात प्रोब सोडून पाहिलं तेव्हा आत खोलीपेक्षा तीन-साडेतीन अंश कमी होते.

दुपारी एकच्या सुमारास तो निघतो. सकाळपासून मधल्या पालापाचोळ्यात पडलेला असतो. आधी जीभ बाहेर, दोनदा, तीनदा. मग मान माठाच्या काठावर टेकवतो आणि तशीच ठेवतो. गळ्याखालचे फिकट रुंद खवले ओल्या मातीवर चपटे होतात. बराच वेळ काही होत नाही. मग बाकीचं अंग कुठेही घाई न करता एका वळणामागून दुसरं वळण आत ओतलं जातं, शेपटीचा बोटभर तुकडा तेवढा बाहेर राहतो. चार वाजता पाहिलं तर कधी अर्धं अंग बाहेर आलेलं असतं. अशा वेळी त्याला उचललं तर हाताला दोन साप लागतात. डोक्याकडचा भाग गार, शेपटीकडचा कोमट.

गरमी सहन होत नसली की तो जे करतो ते ओळखायला शिकावं लागतं. पेटीभर न थांबता फिरणं, काचेवर नाक घासणं, पाण्याच्या भांड्यात तासन् तास बुडून राहणं. यातलं शेवटचं गोचिडासारख्या किड्यांमुळेही होतं, म्हणून खवल्यांच्या फटी आधी नीट पाहाव्यात. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल तर वाट पाहू नये, पशुवैद्याला गाठावं. थंडी वाजणारा साप उलट गरम टोक सोडत नाही, जेवण नाकारतो, आणि गारठा लांबला तर श्वासात शिट्टीसारखा आवाज येतो, नाकातोंडाशी फेसाचे बुडबुडे दिसतात.

लाईन जाते तेव्हाची गोष्ट वेगळी. लाईन तासभर गेली तर माठ पुरतो. डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की मात्र एक-दोन दिवस कुणाचा भरवसा नाही, आणि डीपी जळते ती नवतप्यातच, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, सगळ्या गावाचे कुलर एकदम चालू असताना. त्यासाठी फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवलेल्या असतात. जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून त्या पेटीच्या थंड टोकाला, वरच्या जाळीवर ठेवायच्या. आत नाही, बर्फ सापाच्या अंगाला लागता कामा नये. काचेसमोर ओलं गोणपाट. आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर पेव.

आमच्या वाड्यात जमिनीत खोल खणलेलं जुनं पेव आहे, पूर्वी त्यात ज्वारी साठवत. आता कित्येक वर्षं ते रिकामं आणि उघडं आहे. धान्याने भरलेल्या पेवात उतरायचं मी नावही काढलं नसतं, बंद पेवातल्या दमाने माणसं गुदमरून गेलेली आहेत. एका नवतप्यात डीपी गेली तेव्हा मामाजी म्हणाले, "उन्हाळ्यात साप काय करते? भुईत जाते. मंग याले बी भुईत ने." भोकं पाडलेल्या डब्यात त्याला घालून खाली ठेवला, शेजारी थर्मामीटर. वर सपरीत ४२, खाली २८.

यात चमत्कार काही नाही. जमिनीत दहा-पंधरा फूट खाली ना मे पोचतो ना डिसेंबर, तिथे वर्षभर त्या गावच्या वार्षिक सरासरीच्या जवळपास तापमान राहतं. आपल्या भागाची सरासरी साधारण २७ आहे. बॉल पायथनच्या थंड टोकाला पुस्तकं सांगतात तोच आकडा. आणि तो प्राणी मूळ राहतो कुठे? घाना, टोगो, बेनिनच्या गवताळ रानात आणि शेतात, उंदरा-घुशींच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत. आमच्या नागाचाही पत्ता तोच. शेतातल्या ज्या वारुळाला नागपंचमीला आम्ही लाह्या वाहतो, त्याच्या आत मे महिन्याची दुपारही सुसह्य असते. वाळवीने बांधलेलं ते घर सापाला आयतं मिळतं. बांधबंदिस्तीच्या वेळी जेसीबीने वारूळ सपाट करू नका, असं मी शेजारपाजारच्या शेतकऱ्यांना सांगत असते. वारूळ गेलं की साप जातो असं नाही. तो गारवा शोधत घराकडे येतो.

आणि म्हणूनच मला गारुड्याची टोपली पाहवत नाही. कायद्याने ते बंद होऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी श्रावणात आडगावच्या बसस्टँडवर अजून कधी एखादी टोपली दिसते. लोकांना काढलेले दात दिसतात, शिवलेलं तोंड दिसतं, त्याची चीड येते आणि यायलाच हवी. पण दिवसभर उन्हात फिरणाऱ्या त्या बंद टोपलीत तापमान किती असेल, हे कुणी विचारत नाही. तिला गरम टोक नसतं, थंड टोक नसतं. आतल्या नागाला हलायला वीतभर जागा नसते. मी हे पाहिलं की वनविभागाला फोन करते, तुम्हीही करा. १९२६ हा वनविभागाचा टोल-फ्री नंबर आहे.

सापांमध्ये ऊब स्वतः तयार करणाऱ्याही काही आहेत, आणि त्यांतली एक आपलीच. ताडोबा, नागझिरा, मेळघाटात राहणारी अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि गारठा आला की अंगाचे स्नायू लयीत आखडत अंड्यांना ऊब देते. लामार-पिको नावाच्या फ्रेंच प्रवाशाने भारतात हे पाहिलं आणि १८३२ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीला सांगितलं. विद्वानांनी ते मानलं नाही. थोड्याच वर्षांत पॅरिसमधल्याच संग्रहालयात एका मादीने अंडी घातली, व्हालांसिएन यांनी थर्मामीटर लावला आणि १८४१ मध्ये तिचं अंग भोवतालापेक्षा गरम असल्याचं छापून आलं. पुढे १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या मादीवर नेमकी मोजमापं झाली. हे वाचलं तेव्हा मी मामाजींना सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, "माय हाय ना ते."

हिवाळ्याचं फार सांगण्यासारखं नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ वर उतरला होता, तशा रात्री दर वर्षी येत नाहीत. पण ८-१० अंश नेहमीचे. हीटर, थर्मोस्टॅट आणि रात्री पेटीवर जुनी गोधडी, जाळ्या मोकळ्या ठेवून. लाईन गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या, गुंडाळूनच. खोली फारच गार असली तर त्या आठवड्यात त्याला खायला देत नाही. पावसाळा त्याहून सोपा, तापमान आपोआप जमतं. तेव्हा लक्ष ओलीवर. कुलरचा उपयोग संपतो, माठातलं पाणी वाळत नाही, रेती काढून माठ उन्हात घालायचे आणि पालापाचोळा वरचेवर बदलायचा, नाहीतर पोटाचे खवले सडतात.

अधूनमधून मुलांचे फोन येतात, यवतमाळहून, अमरावतीहून. हीटर कोणता घ्यावा, हे विचारतात. मी खोलीचं विचारते. छत कशाचं, दार कोणत्या दिशेला, लाईन किती वेळ जाते. एकजण तालुक्याच्या गावी टिनाच्या खोलीत भाड्याने राहत होता, साप मिळवून देणारा माणूसही त्याने शोधून ठेवला होता. त्याला म्हटलं, पैसे देण्याआधी एक थर्मामीटर आण, पूर्ण मे महिना खोलीत ठेव आणि दुपारी दोनचा, रात्री नऊचा आकडा वहीत लिही. त्याने प्रामाणिकपणे लिहिले. जूनमध्ये वही घेऊन आला, रात्री नऊच्या रकान्यात बहुतेक दिवशी ३७-३८ होते. साप त्याने घेतला नाही. मामाजींनी त्याला माठ दाखवले, रेती कुठल्या नाल्याची चांगली ते सांगितलं. सध्या तो कवेलूची, उत्तरेला दार असलेली खोली शोधतो आहे.